डोकं राखायचं की पोट

बांधकामावर सगळे तिला 'वरच्या ताई' म्हणत. टॉवर क्रेनच्या माथ्यावरच्या काचेच्या केबिनमध्ये ती दिवसभर बसायची, म्हणून. खालच्या लोकांचा विनोदही ठरलेला होता. सळया कधी येणार, असं कुणी विचारलं की दुसरा आभाळाकडे बोट करून म्हणायचा, "आपल्या हातात काय आहे बाबा? सगळं वरच्यांच्या हातात!"

आणि ते खोटंही नव्हतं. सळयांच्या मोळ्या, काँक्रीटच्या बादल्या, कारखान्यातून तयार होऊन आलेले जिन्याचे अख्खे तुकडे, सगळं तिच्या हातातल्या दोन दांड्यांच्या इशाऱ्यावर हवेतून जायचं आणि टेबलावर कप ठेवावा तसं आवाज न करता मजल्यावर टेकायचं. तिला वर बसायला आवडायचं. वर कुणाची कटकट नाही, कुणाचं तोंड बघायचं नाही. सोबतीला फक्त वायरलेसवरचा एक आवाज. तो खाली उभं राहून इशारे देणाऱ्या सिग्नलवाल्याचा. त्याला सगळं बांधकाम मामा म्हणायचं, खऱ्या भाच्यांपेक्षा मानलेले भाचेच त्याला जास्त. मामा सांगणार आणि ताई ऐकणार, असं त्या दोघांचं कितीतरी इमारतींपासून बिनबोभाट चाललं होतं.

तिच्या डोक्याचं मात्र मामाला काही ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्या दुखण्याचं नाव सांगितलं होतं, क्लस्टर हेडेक. झुबक्यानं येणारी डोकेदुखी. यायची तर काही आठवडे रोज यायची, बहुतेक ठरल्या वेळी, आणि मग वर्षभर तोंड दाखवायची नाही. तिची वेळ पहाटेची. उजवी नाकपुडी बंद व्हायची, उजव्या डोळ्याला धार लागायची, आणि मग त्या डोळ्यामागे कुणीतरी तापलेली सळई घालून फिरवायला लागायचं. एका जागी बसणं अशक्य. स्वयंपाकघर ते बाहेरची खोली अशा ती फेऱ्या मारायची, मूठ डोळ्यावर दाबून धरायची, फ्रिजच्या दारावर कपाळ आपटायची.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सासूबाईंची बोबडीच वळली होती. "डोकं दुखतं तेव्हा माणूस आडवं पडतं," त्या नंतर शेजारणीला सांगत होत्या, "आमचीचं उलटंच. ही उभ्यानं नाचते!" नवरा लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचा, महिन्यातून मोजकेच दिवस घरी असायचा. त्यामुळे घरात राज्य या दोघींचं, आणि दुखणंही या दोघींचंच.

त्या वर्षी झुबका आला तो जोरात. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. गोळी खरं तर रक्तदाबाची, पण मोठ्या मात्रेत घेतली तर या डोकेदुखीला बांध घालते, असं त्यांनी समजावलं. हृदयाचा आलेख काढून मग मात्रा हळूहळू वाढवायची.

"आणखी एक," त्या म्हणाल्या, "ही गोळी आतड्यांना सुस्त करते. पाणी भरपूर प्या. पोटाचा त्रास झाला तर मला सांगा, आपण मार्ग काढू. पण मनानं बंद करू नका. काम काय करता तुम्ही?"

"बसून काम असतं," ती म्हणाली.

"गाडी वगैरे चालवता?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. कुठं बसून आणि किती उंचावर, एवढंच तिनं गाळलं. सांगितलं असतं तर केबिन गेली असती, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. आणि तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती: दुखणं येतं पहाटे, कामाची वेळ वेगळी, दोघांची गाठच पडत नाही. मग सांगायचं कुणाला आणि कशाला?

गोळ्यांनी काम केलं. पहाटेचा तमाशा आधी एक दिवसाआड झाला, मग विरळ होत गेला. पण आतडी नुसती सुस्त झाली नाहीत, चक्क संपावर गेली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. सुरक्षापट्ट्याचं बक्कल लागेना. दोन घास खाल्ले की मळमळ सुरू. आणि त्यात वाऱ्याबरोबर मंद मंद झुलणारी केबिन! इतक्या वर्षांत तिला ते झुलणं कधी जाणवलं नव्हतं. आता प्रत्येक हेलकाव्याला पोटातलं सगळं घशाशी यायचं आणि ती दात आवळून नजर हुकावर खिळवून ठेवायची.

सासूबाईंनी आघाडी सांभाळली. भिजवलेल्या मनुका, पपई, उठल्याबरोबर गरम पाणी, जेवणानंतर शतपावली. रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराबाहेर त्या उभ्या.

"झालं का?"

"नाही, आई."

"अगं, प्रयत्न तरी कर."

"आई, निकाल लागला की मी स्वतः पेढे वाटीन. आता जरा बाजूला व्हा!"

हसणं झालं, तरी पोटाची गाठ काही सुटेना. आणि ती का सुटत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पाणी भरपूर प्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण केबिनमध्ये संडास नाही. खाली यायचं तर शिडीमागून शिडी उतरायची, परत तेवढ्याच चढायच्या, आणि तोवर सगळं बांधकाम हात बांधून बसणार. म्हणून कितीतरी वर्षांपासून तिनं स्वतःला कमी पाण्याची सवय लावून घेतली होती. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी घोटभर पाणी, बस्स. ती सवय आता तिच्या मुळावर उठली होती. पाणी प्यावं तर काम थांबतं, न प्यावं तर पोट थांबतं.

शेवटी तिनं औषधाच्या दुकानातून जुलाबाची पावडर आणली. पाकिटावर एक चमचा लिहिलं होतं. तिनं मनाशी म्हटलं, एवढ्या हट्टी पोटाला एकानं काय होणार, आणि दोन घेतले.

रात्री काही नाही, सकाळी काही नाही. पावडरही हरली म्हणायची, असं म्हणत ती वर चढली. आणि स्लॅबचं काँक्रीट चालू असताना, भरलेली बादली हवेत असताना, पोटात पहिली कळ आली. मग दुसरी. तिसरीला तिच्या कपाळावर घाम फुटला.

तिनं बादली रिकामी करून आणली, हुक मोकळा केला आणि वायरलेस उचलला. "मामा, मला खाली यायचंय."

"आत्ता? ताई, गाडी उभी आहे काँक्रीटची."

"मामा, आत्ताच."

शिड्या उतरताना तिनं कुणाकुणाची आठवण काढली ते तिचं तिला ठाऊक. पत्र्याच्या संडासात ती पोचली एवढंच. आणि पत्रा कितीसा जाड असणार? बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. काँक्रीटची गाडी घरघरत होती, इंजिनिअर साहेब कुणावर तरी ओरडत होते, आणि गवंड्यांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "वरचे खाली उतरले रे! अवतार झाला, अवतार!" त्यावर जो हशा पिकला, तो तिला आत बसल्या जागी गरम पाण्यासारखा अंगावर आला.

साहेब नंतर तिच्याशी शांतपणेच बोलले. "ताई, तब्येत बरी नसेल तर तसं सांगा. मी दुसरा माणूस बघतो."

त्यांच्या मनात कदाचित काळजीच असेल. तिला मात्र त्यात फक्त 'दुसरा माणूस' ऐकू आला.

त्या संध्याकाळी तिनं गोळ्यांची पट्टी हातात घेतली, जरा वेळ बघत बसली आणि डब्यात परत ठेवली.

"गोळी घेतलीस?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"घेतली."

पोटानं लगेच उपकार मानले. दोन-तीन दिवसांत ते मऊ पडलं, भूक लागायला लागली, पट्ट्याचं बक्कल पहिल्या भोकाला बसलं. सासूबाई तिला दुसऱ्यांदा भात वाढताना खूश होऊन म्हणाल्या, "बघ, मनुकांचा गुण!" तिनं मान डोलावली. पहाटे दचकून जाग यायची आणि ती अंथरुणात पडून वाट बघायची. आता येईल, आता येईल. यायचं नाही. झुबका सरला असणार, तिनं ठरवून टाकलं. दुखण्याला तरी कुठं माहीत होतं, की त्यानं सरलं पाहिजे!

ते आलं सकाळच्या कामात, ऐन भरात.

हवेत जिन्याचा तुकडा होता. पायऱ्यांसकट ओतलेला, अजस्र. वरच्या मजल्यावर तो बसवून घ्यायला दोन गवंडी आणि एक फिटर उभे होते, हात वर करून. तिचं पोट हलकं होतं, नाश्ता पोटभर झाला होता, वारा बेताचा होता. मामाचा आवाज नेहमीसारखा संथ चालला होता, "थोडा उजवा... अजून थोडा... खाली घे, हळू..."

आणि तिची उजवी नाकपुडी बंद झाली.

तिनं श्वास ओढून पाहिला. बंद. पापणीच्या कडेला ओल आली. ही पावलं तिला पुरती ओळखीची होती. आता हातात फार तर काही मिनिटं होती.

"मामा," ती म्हणाली, "माणसं बाजूला करा."

"काय झालं? वारा?"

"माणसं बाजूला करा. जिना मी परत खाली नेते."

"अहो ताई, टेकायला आलाय..."

"मामा!"

तो आवाज मामानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. वर ओरडून त्यानं तिघांना भिंतीआड पिटाळलं, खालचं मैदान मोकळं करायला शिट्टी वाजवत सुटला.

तिनं जिना उचलून इमारतीपासून लांब घेतला. तेवढ्यात सळई शिरली. डोळ्यामागे, थेट. तिच्या पायांनी आपोआप केबिनच्या तळावर लाथा झाडायला सुरुवात केली. अंगातला कण न् कण म्हणत होता, ऊठ, चाल, डोकं आपट. आणि हात मात्र दांड्यांवरून काढायचा नव्हता. हात काढला असता तर क्रेन जागच्या जागी थांबली असती, पण एवढं वजन मैदानावर लोंबकळत, आणि वारा वाढला तर ते कुठं झुलेल याचा नेम नाही. ते टेकवायलाच हवं होतं.

उजवा डोळा पाण्यानं भरून मिटला. एका डोळ्याला खोली कळेना. जमीन जवळ आहे की लांब, हुक कुठं, जिन्याची कड कुठं, सगळं सपाट चित्र झालं.

"मामा, मला दिसत नाही."

मग मामाचा आवाज आला आणि त्यात 'अहो'ही नव्हतं आणि 'तुम्ही'ही नव्हतं. "पोरी, ऐक. मला दिसतंय ना? मग झालं. तू फक्त माझं ऐक. डावा घे. घे. घे. थांब. खाली. खाली. सावकाश. अजून माणूसभर उंची आहे. खाली. रडतेस का?"

"नाही, डोळा गळतोय."

"गळू दे. खाली. आता गुडघाभर. वीतभर. थांब, झोका जाऊ दे. गेला. टेकव."

केबिनला जो बारीकसा धक्का बसला, त्यावरून तिला कळलं, टेकला. तिनं दांडे सोडले, आणीबाणीचं बटण दाबलं आणि दोन्ही मुठी डोळ्यावर धरून काचेवर कपाळ आपटायला लागली.

खाली उतरणं शक्यच नव्हतं. तशा अवस्थेत शिडीवर पाय ठेवणं म्हणजे हात धरून मरणाला बोलावणं. कुणी वर गेलं तरी दोघांना तिथं उभं राहायलाही जागा नाही. मामानं तिला विचारलं, किती वेळ चालतं हे. तिनं कसंबसं सांगितलं, तासाभरानं ओसरतं. "मग बसू तासभर," मामा म्हणाला आणि बोलत राहिला. काय बोलला ते तिला नंतर नीटसं आठवेना. त्याच्या दुखऱ्या गुडघ्यांबद्दल काहीतरी होतं, त्याच्या बहिणीनं पाळलेल्या चोरट्या मांजराबद्दल होतं. मध्येच ती ओरडायची, तो थांबायचा, मग मांजर पुढं चालू. सगळं बांधकाम वर मान करून उभं होतं. कुणी हसत नव्हतं.

दुखणं आलं तसंच गेलं, दार लावून घ्यावं तसं. ती उतरली तेव्हा एक तरणा फिटर तिच्या खाली खाली एकेक पायरी उतरत होता, तिचा पट्टा शिडीला अडकवत. जमिनीवर मामा उभा होता. त्याचा आवाज चढलेला होता.

"हे आजचं आहे का?"

"नाही."

"कधीपासून?"

तिनं सांगितलं. साहेबही येऊन उभे राहिले होते, त्यांच्यादेखत सगळं सांगितलं. डोकं, गोळ्या, पोट, पावडर, डब्यात परत ठेवलेली पट्टी. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तिला रागावलं नाही. क्रेनला कुलूप घालायला सांगितलं आणि तिला घरी पाठवलं.

खरा राग घरी होता. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या उठून उगाचच ओटा पुसायला लागल्या.

"मी रोज विचारत होते," पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "आणि तू रोज 'घेतली' म्हणत होतीस. पोट साफ होईना म्हणून मी दाराशी उभी राहिले, त्याची मला लाज नाही वाटली. तुला खरं सांगायची लाज वाटली?"

सासूबाईंनी फडकं पिळलं, वाळत टाकलं आणि चपला घातल्या. "चल. त्या डॉक्टरीणबाईंकडे मी येते. तुझ्यावर माझा भरवसा नाही राहिला आता."

डॉक्टरीणबाईंपुढे बोलल्याही त्याच. "हिनं तुम्हाला बसून काम आहे म्हणून सांगितलं ना? बसूनच आहे. फक्त ढगात बसून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं विचारलं. पाणी किती पिता, का पीत नाही, पावडर कोणती, किती. मग म्हणाल्या, "त्रास तुम्हाला झाला ते खरंच आहे, नाटक नाही. त्याच्यावर उपायही आहेत. पण तुम्ही मला अर्धीच गोष्ट सांगितलीत, मी अर्धाच उपाय दिला."

गोळी पुन्हा सुरू झाली, पण पहिल्या पायरीपासून, आलेख काढत काढत. सोबत पोटासाठी सौम्य पावडर, रोज थोडी, ठरलेल्या मापानं. तुंबल्यावर एकदम नव्हे, तुंबू नये म्हणून. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. एकदम ताटभर जेवण्याऐवजी थोडं थोडं, चार वेळा. घरात ऑक्सिजनचं नळकांडं आणि मुखवटा आला. दुखणं उठलं की तोंडाला लावायचा. आणि झुबका चालू असेपर्यंत केबिनचं नावही काढायचं नाही, तसं त्यांनी कागदावर सही करून दिलं.

ती खाली आली. मामाच्या बाजूला, हातात वायरलेस घेऊन. केबिनमध्ये बदली माणूस बसला, धसमुसळा. तो ओझं टेकवायचा तेव्हा तिचे दात शिवशिवायचे, पण ती गप्प राहायची. कमरेला पाण्याची बाटली असायची आणि संडास हाकेच्या अंतरावर. पोट काही पहिल्यासारखं झालं नाही. सकाळची मळमळ राहिलीच, कधी कधी पोटात वारा असा फिरायचा की मामा लांब बघायचं सोंग करायचा. पण गाठ बसली नाही. आणि एखाद्या दिवशी बसलीच, तर ती फोन उचलून डॉक्टरीणबाईंना विचारायची, चमचा वाढवू का. मनानं वाढवायची नाही.

एका दुपारी एक गवंडी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्या दिवशी जिन्याखाली हात वर करून उभ्या असलेल्यांपैकी तो एक. 'अवतार झाला' म्हणून ओरडणाराही तोच होता, हे तिनं आवाजावरून ओळखलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी तो जिना माझ्या डोक्यावर होता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चुकलं माझं."

तो घुटमळला. थापी या हातातून त्या हातात घेतली. "मी हसलो होतो तुम्हाला. म्हणून तर गोळ्या बंद नाही ना केल्यात..."

नाही म्हणणं खोटं झालं असतं.

"पुढच्या वेळी लागली तर लागली, खाली या," तो म्हणाला. "आम्ही हसूही कदाचित. माणसाची जात आहे. पण हसण्यानं कुणी मरत नाही हो."

झुबका सरला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हाच सरला असं धरलं, तिनं ठरवलं तेव्हा नव्हे. गोळ्या हळूहळू उतरवल्या. कंपनीच्या डॉक्टरनं तपासलं, साहेबांनी पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली आणि तिला वर जायची परवानगी मिळाली, एका अटीवर: पहिली चाहूल लागली की त्याच दिवशी सांगायचं.

अट कबूल करायला काय लागतं? ती पाळायची वेळ पुढच्या वर्षी आली. नव्या इमारतीचं काम रंगात होतं. पहाटे तिला जाग आली ती डोळ्यामागच्या एका बारीक टोचणीनं. फार नाही, येऊन गेलीसुद्धा. नाकपुडीही अर्धीच बंद. कुणाला कळलं नसतं. सासूबाई शेजारच्या खोलीत घोरत होत्या. ती बराच वेळ अंथरुणात बसून राहिली. आज मोठ्या तुळया चढवायच्या होत्या, तिच्याशिवाय ते काम साहेब कुणाला देणार नव्हते, आणि टोचणी काय, सर्दीचीही असू शकते.

मग तिनं साहेबांना फोन लावला. पलीकडून त्यांचं झोपाळू 'हॅलो' आलं.

"साहेब, आज मी वर जाणार नाही. सुरू होतंय बहुतेक."

पलीकडे लांब उसासा. त्यात वैताग होता, तिला स्पष्ट ऐकू आला. "तुळयांचं आजच... बरं. बरं, ताई. बघतो मी काय करायचं ते."

त्या दिवशी क्रेन दुपारपर्यंत रिकामी उभी होती. ती दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसली होती, सासूबाईंच्या शेजारी, आणि तिथून इमारतींच्या मधून क्रेनचा पिवळा हात तेवढा दिसत होता. तिनं बराच वेळ तिकडे बघितलं. आत नंबर पुकारला तेव्हा सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं, आणि ती उठली.